'कोर्ट'चा शेवट कळला नाही म्हणता?

'कोर्ट' बघून झाला की बहुतेक जण एकच विचारतात, "अरे, पण निकाल काय लागला?"

चैतन्य ताम्हाणे यांचा हा सिनेमा 17 एप्रिल 2015 ला थेटरात लागला. त्याआधी व्हेनिसला दोन पुरस्कार, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, नंतर ऑस्करसाठी भारताकडून निवड. तरी आजही कुणी नव्याने बघितला की मला मेसेज येतो, "भाऊ, शेवट डोक्यावरून गेला."

बघितला नसेल तर सांभाळून, पुढे शेवट सांगतोय.

नारायण कांबळे हे म्हातारे लोकशाहीर. मुंबईत एक सफाई कामगार गटारात मेला. पोलिसांचं म्हणणं, कांबळेंचं गाणं ऐकून त्याने आत्महत्या केली! पुढे त्या कामगाराची बायको साक्षीला येते. साध्या शब्दांत सांगते, नवरा आधी गटारात दगड टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजून उतरायचा. सुरक्षेचं कसलंही साधन नाही. माणूस कशाने मेला हे प्रेक्षकाला तिथेच कळतं. कांबळेंना जामीन मिळतो, पण पुन्हा यूएपीएखाली अटक होते. न्यायाधीश म्हणतात, उन्हाळी सुट्टी लागतेय, हायकोर्टात जा. कोर्टातले दिवे बंद होतात. पडदा बराच वेळ काळा.

लोकांना वाटतं, संपला. पण मग तेच न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात. बाकावर डुलकी लागते, पोरं ओरडून उठवतात, ते हाताला लागलेल्या पोराच्या कानाखाली देतात आणि परत झोपतात. आता मात्र खरंच संपला.

यावर लोक काय काय म्हणतात! कुणी म्हणतं, झोपलेला न्यायाधीश म्हणजे झोपलेली न्यायव्यवस्था, आणि मार खाल्लेलं पोर म्हणजे जनता. कुणी म्हणतं, अवॉर्डवाल्यांचे चोचले, संथ आणि कंटाळवाणा. या दुसऱ्या मंडळींना मी नावं ठेवत नाही. संथ म्हणजे थोरच असं काही नसतं, आणि दोन तास दिल्यावर शेवट मागणं हा प्रेक्षकाचा हक्कच आहे.

पण सगळ्यात नेमकी प्रतिक्रिया मला एका शेतकऱ्याकडून मिळाली. जमिनीच्या वादात कित्येक वर्षं तारखा करतोय. मोबाईलवर सिनेमा बघून म्हणाला, "यात न समजण्यासारखं काय आहे? पुढची तारीख पडली."

मला वाटतं, शहरातल्या चर्चेत नेमकं हेच निसटतं. हा शेवट कोडं नाहीच. फाईल जिथे थांबली तिथे सिनेमा थांबला. दिग्दर्शकाने कांबळेंना सोडवलं असतं तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या, शिक्षा दिली असती तर हळहळलो असतो, आणि दोन्ही वेळा निवांत घरी गेलो असतो. त्याने ती सोय ठेवली नाही. न्यायाधीशाला खलनायकही केलं नाही. सरकारी वकील बाई तर मुलाला घेऊन घरी जातात, स्वयंपाक करतात. वाईट माणूस कुणीच नाही, तरी म्हातारा आतच.

आपल्या नवापूरला हा सिनेमा आणखी एका कारणाने जवळचा वाटावा. आपल्या रेल्वे स्टेशनातून महाराष्ट्र-गुजरातची हद्द जाते, आणि तिथे मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषा नांदतात. 'कोर्ट'ही याच चार भाषांत बोलतो. त्यातला बचावाचा वकील गुजराती. मराठीत कामकाज सुरू झालं की त्याची अडचण होते, म्हणून तो हिंदी किंवा इंग्रजीत बोला अशी विनंती करतो. शिकलेल्या वकिलाला असं मागता येतं. घरात मावची किंवा भिली बोलणाऱ्या, शाळेचं तोंड न बघितलेल्या आजीने कुणाला विनंती करायची? बातमीसाठी मी वेगवेगळ्या कोर्टांत बसलोय. बाहेर आल्यावर माणूस वकिलाला पहिलं विचारतो, "साहेब, आत काय झालं?" निकाल दूरच, आज काय घडलं हेच त्याला समजलेलं नसतं.

देशात पाच कोटींहून जास्त खटले पडून आहेत. तुरुंगातल्या दर 4 माणसांतली साधारण 3 कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा निकालच लागलेला नाही. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर काही अपवाद सोडून त्याला जामिनावर सोडावं, असं 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात आहे. तरतूद चांगली आहे. पण ती आपल्याला लागू होते हे आतल्या माणसाला त्याच्या भाषेत सांगणार कोण?

म्हणून 'कोर्ट' बघा. कंटाळा आला तर तसं बिनधास्त सांगा. पण "निकाल काय लागला" हा प्रश्न सिनेमाला विचारून थांबू नका. तुमच्या गावातला कुणी आत असेल, तर त्याच्या घरी जाऊन विचारा.