न दिसणारा दुसरा मॉनिटर

चंडीगडच्या सुखना तलावात साठणाऱ्या गाळाचे मूळ शोधण्यासाठी १९७० च्या दशकात तेथील मृद व जलसंधारण संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ शिवालिकच्या टेकड्यांत, सुखोमाजरी गावापर्यंत पोहोचले. आज पाणलोटाचे नकाशे आणि पावसाच्या नोंदी संगणकावर असतात आणि तो संगणक शेकडो किलोमीटरवरून हाताळता येतो. मात्र कार्यालयातील टेबलावर बहुधा दोन मॉनिटर असतात, तर विस्तार कार्यकर्त्यापाशी एकच लॅपटॉप. ही तफावत आपण किरकोळ तांत्रिक बाब समजतो. माझ्या मते ती नोंदींच्या विश्वासार्हतेची बाब आहे.

अनेक प्रोग्रॅम आपली खिडकी मागच्या वेळी कोणत्या मॉनिटरवर होती हे लक्षात ठेवतात. तो मॉनिटर जोडणीत नसला, तर 'बदल जतन करायचे का?' हा प्रश्न दृष्टीआड उमटू शकतो. संगणक अडकला असे समजून कार्यकर्ता तो बंद करतो आणि दिवसभराच्या नोंदी जातात. वास्तविक संगणक उत्तराची वाट पाहत असतो. अशा वेळी दूरचा संगणक पूर्ण पडद्यावर घेऊन ऑल्ट व स्पेस, त्यानंतर एम आणि मग बाणाची कळ दाबल्यास हरवलेली खिडकी सहसा सरकून समोर येते.

विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप कनेक्शनमध्ये 'डिस्प्ले' विभागात आपल्याकडील सर्व मॉनिटर वापरण्याचा पर्याय आहे. जोडणीपूर्वीच तो निवडावा. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरमध्ये पलीकडचा कोणता मॉनिटर पाहायचा, हे मेनूतून बदलता येते. येथे उलट धोकाही संभवतो: मदतीसाठी जोडलेल्या व्यक्तीला दुसऱ्या मॉनिटरवरील शेतकऱ्यांचे आधार व बँक खाते क्रमांक दिसू शकतात.

सर्वांना दोन मॉनिटर द्यावेत, असे कोणी सुचवील. परंतु पडदे वाढले की जोडणीवरील भारही वाढतो आणि ग्रामीण भागातील इंटरनेट तो पेलेलच असे नाही. म्हणून संस्थांनी आपले अर्ज, तक्ते व प्रशिक्षण एका लहान पडद्यावर तपासूनच पाठवावे. जोडणीपूर्वी दोन्ही बाजूंनी विचारावे: 'आपल्याकडे मॉनिटर किती? कोणत्यावर काय उघडे आहे?' एवढी विचारपूस नियमाचा भाग व्हावी, कारण हरवलेल्या नोंदीची झळ अखेर शेतकऱ्यालाच बसते.