रानातील वंशाची वाट मोकळी असावी

लातूरकडील देवणी किंवा कंधारची लाल कंधारी जनावरे राखणारा जाणता शेतकरी एका वळूपासून झालेल्या कालवडी त्याच वळूला दाखवीत नाही. परगावचा वळू पाहतो. रक्त एकाच घरात फिरले की वंश दुबळा होतो. वन्य प्राण्यांसही हाच नियम लागू आहे. ओडिशातील सिमिलिपालचे वाघ इतरांपासून तुटल्याने तेथे पट्टे रुंद होऊन काळसर दिसणारे वाघ वाढले, असे २०२१ च्या संशोधनात आढळले.

वाघासाठी परगावचा नर क्वचितच आणला जातो. तो बहुधा आपल्या पायांनीच यावा लागतो. २०१९ साली यवतमाळमधील टिपेश्वरचा एक तरुण वाघ शेतशिवारांतून सुमारे १३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. नांदेडच्या किनवट भागातील पैनगंगेच्या रानालाही अशा पाहुण्यांची गरज आहे.

पिकाचे रक्षण हा शेतकऱ्याचा हक्कच होय. परंतु कुंपणात वीज सोडणे हा त्याचा मार्ग नव्हे. त्या तारेने वाघ मरतो, तसा शेजारचा गडीही मरतो. ओढ्याकाठची झाडी राखावी. वाघाने जनावर मारल्यास वनखात्यास तत्काळ कळवून पंचनामा करून घ्यावा. भरपाईची तरतूद आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही गोष्ट गावोगावी समजावून द्यावी.