अर्धवट राहिलेले वाक्य



मानपाड्यात सकाळचा फेरफटका आटोपला की बाकांवर ज्येष्ठांची बैठक जमते. क्रिकेट वा गाण्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास उद्गारतो, "काय प्रतिभा! पण त्या व्यसनापायी..." आणि वाक्य तेथेच थांबते. आज त्या अर्धवट वाक्याविषयी.

विनोद कांबळी यांचे नाव घ्या. १९८८ साली आझाद मैदानावरील शालेय सामन्यात सचिन तेंडुलकर यांच्यासह त्यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी रचली. त्यांत कांबळी नाबाद ३४९. पुढे १७ कसोटींत ५४च्या सरासरीने १,०८४ धावा आणि दोन द्विशतके. अखेरची कसोटी मात्र वयाच्या तेविसाव्या वर्षी, १९९५ मध्ये. त्यामागे कारणे अनेक असतील. परंतु आपल्या मद्यपानाविषयी ते स्वतः जाहीरपणे बोलले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातच त्यांच्यावर रुग्णालयात उपचार झाले, तेव्हा अनेकांचे मन हळहळले.

पंडित भीमसेन जोशी यांनाही एके काळी मद्याने ग्रासले होते. त्यांनी ते सोडले, त्यानंतरही वर्षानुवर्षे मैफली गाजवल्या आणि २००८ मध्ये त्यांना भारतरत्न जाहीर झाले. त्यांचे गाणे रियाजातून आले होते, पेल्यातून नव्हे. 'कलावंत म्हटला की एवढे चालायचेच' हे म्हणणे म्हणूनच घातक. आणि व्यसनापायी त्याची सारी साधना मोडीत काढणे, हाही अन्यायच.

हाच न्याय आपल्या घरालाही लावावा. व्यसन हा आजार आहे. केवळ दुर्गुण नव्हे. घरातील वडीलधारी व्यक्ती पीत असेल, तर पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात. उतारवयात तेवढेच मद्य शरीराला अधिक बाधते. झोपेच्या वा वेदनाशामक गोळ्यांसोबत ते धोकादायक ठरते. तोल जाऊन पडण्याची भीतीही वाढते. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडल्यास थरथर, भ्रम, क्वचित झटकेही येतात. म्हणून शपथा घालून बाटली हिसकावण्याऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावे. पुण्यात १९८६ पासून कार्यरत असलेल्या 'मुक्तांगण'सारख्या केंद्रांत रुग्णासोबत कुटुंबालाही आधार मिळतो.

आणि नातवंडांना सांगताना वाक्य अर्धवट सोडू नका. आजोबांची हुशारी सांगा, घसरणही सांगा आणि सावरण्यासाठी त्यांनी केलेली धडपडही सांगा. ज्याचे केवळ दोषच घरात उच्चारले जातात, तो मदत मागण्यास धजत नाही. ज्याचे दोष झाकले जातात, त्याला ती वेळेवर मिळत नाही.