रात्रीच डोळे मिटणारा पहारेकरी

हैदराबादेत दिलसुखनगर येथे 21 फेब्रुवारी 2013 रोजी बाँबस्फोट झाले आणि त्याच वर्षी तत्कालीन आंध्र प्रदेश राज्याने सार्वजनिक सुरक्षेचा एक कायदा केला. लोकांची मोठी वर्दळ असलेल्या दुकानांनी, शाळांनी, रुग्णालयांनी व प्रार्थनास्थळांनी कॅमेरे बसवावेत आणि त्यांतील चित्रण 30 दिवस जपून ठेवावे, असे त्याने ठरविले. पुढे तेलंगण राज्यातही तोच कायदा चालू राहिला. पोलिसांनी ‘नेनु सैतम्’, म्हणजे ‘मी देखील’, या नावाची मोहीम काढून गल्लोगल्लीच्या रहिवाशांस स्वखर्चाने कॅमेरे लावण्यास उद्युक्त केले. आता असे कॅमेरे आमच्या वाचकांच्या गावांतही दिसू लागले आहेत. ते बसविणे एका दिवसाचे काम. चालू ठेवणे मात्र बारमाही.

या कॅमेऱ्यांची एक तक्रार सर्वत्र ऐकू येते. दिवसा चित्र स्वच्छ, आणि अंधार पडताच पडदा काळा! चोरी झालीच तर ती नेमकी त्याच घटकेला होते, आणि पोलीस चित्रण मागावयास येतात तेव्हा दाखविण्यासारखे काहीच नसते. मग कॅमेराच बिघडला असे म्हणून नवा आणला जातो. तोही दुसऱ्या रात्री झोपतो.

याचे कारण समजण्यास थोडी यंत्रविद्या हवी. आजकालचे पुष्कळसे कॅमेरे एकाच केबलमधून चित्र पाठवितात आणि वीजही घेतात. या सोयीस ‘पॉवर ओव्हर इथरनेट’ अथवा थोडक्यात ‘पीओई’ म्हणतात. तिचा पहिला नियम 2003 साली ठरला. त्यानुसार स्विच एका तोंडातून 15.4 वॅट वीज देतो, आणि 100 मीटर केबलच्या टोकाशी कॅमेऱ्याच्या वाट्यास 12.95 वॅटच उरतात. बाकीची वाटेत उष्णता होऊन जाते. 2009 च्या सुधारणेने हा आकडा स्विचपाशी 30 वॅट झाला. रात्री कॅमेऱ्याचे अवरक्त दिवे लागतात व त्याची भूक वाढते. समजा, आठ तोंडांचा स्विच एकूण 60 वॅट देणारा आहे. दिवसा प्रत्येक कॅमेरा 5 वॅट घेतो, तेव्हा 40 वॅटांत भागते. रात्री प्रत्येकाने 9 वॅट मागितले की 72 लागतात, आणि एकदोघांस उपाशी राहावे लागते. म्हणून खरेदीपूर्वी कॅमेऱ्याच्या पाठीवर लिहिलेल्या कमाल वॅटांची बेरीज करावी.

बेरीज जुळूनही कॅमेरा बंद पडत असेल तर शिडी चढण्याआधी एक सोपी परीक्षा करावी. चालू असलेला दुसरा कॅमेरा हातभर चांगल्या केबलने त्याच तोंडास जोडावा. तो चालला तर स्विच निर्दोष. संशय केबलवर किंवा वरच्या कॅमेऱ्यावर. मग वरचा कॅमेरा खाली आणून त्याच तुकड्यास लावावा, व दिवे लागावेत म्हणून त्याच्या काचेवर जाड काळे फडके टाकावे. येथेही तो टिकला तर दोषी केबलच होय.

आणि आमच्या मते दहांपैकी निम्म्या वेळा ती केबलच असते. बाजारात स्वस्त केबल मिळते तिच्यात ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. अशी तार शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट रोध करते. चाकूने तार खरवडावी. आत पांढरे दिसले तर दुकानदाराने काय विकले ते कळते. 100 मीटरांची मर्यादाही पाळावी. गल्लीतील खांबाखांबांवरून केबल नेताना ती नकळत ओलांडली जाते. दुसरा शत्रू पावसाचे पाणी. कॅमेऱ्यापाशी जोडावर बसवावयाचे रबरी टोपण कारागीर घाईत खोक्यातच ठेवतो. जोड उघडून पाहिल्यास पितळी टोकांवर हिरवट कळंक दिसेल. तो जोड कापून नवा बसवावा, आठही तारा टेस्टरने तपासाव्यात, आणि केबल भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकेल.

एका गोष्टीविषयी मात्र वाचकांनी फार सावध असावे. नियमाप्रमाणे बनविलेला स्विच आधी 10 व्होल्टांच्या आसपास अल्प दाब देऊन पलीकडे पीओईचे यंत्र आहे काय हे पाहतो, आणि ओळख पटल्यावरच 48 व्होल्टांच्या आसपास वीज सोडतो. काही स्वस्त पेट्या असे काही न विचारता थेट वीज सोडतात. 12 व्होल्टांचा कॅमेरा अशा 48 व्होल्टांच्या पेटीस लावला तर क्षणात जळतो, आणि कित्येक दुकानदार जळालेली वस्तू हमीत धरीत नाहीत. पेटीवर 802.3 आणि त्यापुढे एएफ किंवा एटी ही अक्षरे आहेत काय, हे पैसे देण्यापूर्वी वाचून घ्यावे. स्विच आणि चित्रण साठविणारी पेटी एकाच यूपीएसवर ठेवली की गावाची वीज गेल्यावरही सर्व कॅमेरे काही काळ चालू राहतात.