एन-४०० भरताना जुनी चौकशी लपवू नका

अमेरिकेत नागरिकत्वाचा अर्ज करणाऱ्या आपल्या लोकांना हमखास पडणारा प्रश्न: विमानतळावर एकदा बाजूला घेऊन चौकशी केली होती, ते सांगायचं का? नावावरून थांबवलं गेल्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. नुसती चौकशी म्हणजे गुन्हा नव्हे, डिपोर्ट होणंही नव्हे. पण तिथूनच परत पाठवण्याचा आदेश निघाला असेल किंवा व्हिसासाठी खोटी माहिती दिली असेल, तर एन-४०० फॉर्म ते थेट विचारतो. आणि ‘कधीही’ म्हणजे वीस वर्षांपूर्वीचंसुद्धा.

‘लिहू नका, कोण बघतंय?’ असं सांगणारे भेटतात. बघतात! बोटांचे ठसे सरकारकडे असतात. जुन्या अडचणीतून अनेकदा मार्ग निघतो. फायद्यासाठी शपथेवर बोललेलं खोटं, अगदी किरकोळ असलं तरी, चांगल्या चारित्र्याच्या अटीवर अर्ज पाडू शकतं.

नागरिकत्व मिळालं म्हणजे सुटलो, असंही नाही. २०१७ च्या मास्लेन्याक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने थोडा आधार दिला: फौजदारी खटला भरून नागरिकत्व काढायचं, तर त्या खोट्याचा ते मिळण्याशी संबंध होता हे सरकारने सिद्ध करावं. मात्र जून २०२५ मध्ये तिथल्या न्याय खात्याने आपल्या वकिलांना नागरिकत्व रद्द करण्याच्या दिवाणी दाव्यांना प्राधान्य द्यायला सांगितलंय.

म्हणून आम्ही म्हणतो, आधी तिथल्या माहिती अधिकार कायद्याखाली आपली सीमेवरची नोंद मागवा. ती इमिग्रेशन वकिलाला दाखवा, फॉर्म भरून देणाऱ्या भाच्याला नव्हे. कधी कधी इतक्यात अर्जच करू नका, असंही वकील सांगेल.