आधी बाग, मग कोष्टक

परीक्षा जवळ आली की संख्याशास्त्राच्या वर्गात एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "सर, इथे अर्ध्यातून वजा करायचे की अर्ध्यात मिळवायचे?" प्रश्न साधा वाटतो, पण आपण प्रसामान्य वक्र कसा शिकतो आणि शिकवतो याचे सारे दुखणे त्यात आहे. ज्याने वक्र कागदावर काढला आणि हवा तो भाग पेन्सिलीने रंगवला, त्याला हे विचारावेच लागत नाही. दुसरा एक प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही : हा वक्र इथे लागू पडतो का? माझ्या मते हा दुसरा प्रश्न पहिल्याहून मोठा आहे. तो मी वर्गात शिकलो नाही. घरचे नुकसान करून शिकलो.

आधी मूळ गोष्ट सांगतो. घंटेच्या आकाराच्या या वक्राखालचे एकूण क्षेत्रफळ १ धरतात. दोन उभ्या रेषांमधले क्षेत्रफळ म्हणजे त्या दोन मापांच्या दरम्यान एखादी वस्तू सापडण्याची संभाव्यता. द म्वाव्हर १७३३ मध्ये नाणेफेकीचा हिशेब करता करता या वक्रापाशी आला. गाउसने १८०९ मध्ये त्याचा संबंध ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणांतील चुकांशी जोडला. अडचण एवढीच की, या वक्राखालचे क्षेत्रफळ समाकलनाच्या नेहमीच्या सूत्रांनी निघत नाही. म्हणून ते अंदाजी रीतीने काढून कोष्टकात मांडून ठेवले. मापातून सरासरी वजा करा, प्रमाण विचलनाने भागा, की झेड मिळतो. मग संत्रे असो, माणसाची उंची असो की कारखान्यातला स्क्रू असो, पुस्तकाच्या शेवटचे तेच एक पान सगळ्यांना पुरते. सोय मोठी आहे, आणि फसगतही तिथेच होते.

माझे गाव मोहगाव. मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यात, २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात. नागपूर जवळ, घरात मराठी आणि शेतात संत्री. मी बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना आंबिया बहार विकायची वेळ आली होती. दोन व्यापारी बाग पाहून गेले. एकाने हजारी भाव कमी सांगितला, पण अट काही घातली नाही. दुसऱ्याचा भाव चांगला होता, मात्र अट होती : ११० ग्रॅमखालचे फळ म्हणजे चुरी, आणि दहात एकाहून जास्त चुरी निघाली तर सगळ्या मालाचा भाव उतरेल.

बाबा विचारात पडले. मी म्हटले, "हा तर माझ्या पुस्तकातला प्रश्न आहे." विहिरीजवळच्या झाडांची साठ फळे तोडून किराणा दुकानाच्या तराजूवर तोलली. सरासरी १५० ग्रॅम, प्रमाण विचलन २५. ११० मधून १५० गेले, उणे ४०. भागिले २५, झेड उणे १.६. कोष्टकात शून्यापासून १.६ पर्यंतचे क्षेत्रफळ ०.४४५२. मला हवी होती त्या पलीकडची शेपटी, म्हणून अर्ध्यातून वजा केले : ०.०५४८. शंभरात साडेपाच! मी छातीठोकपणे सांगितले, "बाबा, दुसऱ्यालाच द्या."

माल उतरला, निवड झाली, आणि चुरीचा ढीग वाढतच गेला. जवळजवळ चौथा हिस्सा चुरी. भाव पडला, आणि पहिल्या व्यापाऱ्याने देऊ केले होते त्याहूनही कमी पैसे हाती आले. बाबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाबू, पुस्तक खोटं नसंल. पण तू बाग कुठं पाह्यली?"

खरेच, कुठे पाहिली होती? विहिरीजवळची जमीन खोल आणि काळी. वरचा अर्धा भाग मुरमाड, पाणी ओढाताणीने पोचणारा. हाताशी येणारी फळे मी तोडली आणि तीच सारी बाग समजलो. वरच्या भागात मागे राहिलेली फळे नंतर तोलली, तेव्हा सरासरी ११५ आणि विचलन २० निघाले. तिथे ११० चा झेड उणे ०.२५, आणि शेपटीचे क्षेत्रफळ ०.४०१३. म्हणजे शंभरात चाळीस चुरी. दोन्ही भागांत फळे सारखी धरली तर शंभरात तेवीस. ढिगाने सांगितले तेच! कोष्टक चुकले नव्हते, वजाबाकीही चुकली नव्हती. मी अर्ध्या बागेचे उत्तर पूर्ण बागेला लावले होते.

आपल्याच दोन माणसांनी हा धडा फार पूर्वी देऊन ठेवला आहे. पां. वा. सुखात्मे आणि इंदूरच्या संशोधन संस्थेत काम केलेले वि. गो. पानसे यांनी १९४० नंतरच्या दशकात पीककापणी प्रयोगांची पद्धत बसवण्यात मोठा वाटा उचलला. त्याआधी पीक किती आले हे बहुधा नजरेच्या अंदाजाने ठरे. या पद्धतीत गाव, शेत आणि शेतातला तुकडासुद्धा चिठ्ठी टाकल्यासारखा निवडायचा. पीक कापायचे आणि तोलायचे. बांधाजवळचे सोयीचे शेत घ्यायचे नाही. कृषी कार्यकर्त्यांसाठी दोघांनी मिळून लिहिलेला सांख्यिकी पद्धतींवरचा ग्रंथ १९५४ मध्ये निघाला. साठ फळे तोडण्यापूर्वी मला त्यातली एवढी एकच गोष्ट उमगली असती तर!

निवड नीट झाली तरी वक्राचा आकार तपासावाच लागतो. समजा, पावसाळ्यात रोजच्या पावसाची सरासरी ८ मिलिमीटर आणि प्रमाण विचलन १६ आहे. कोष्टक निमूटपणे सांगेल की शंभरातले एकतीस दिवस शून्याहून कमी पाऊस पडतो! पुष्कळ कोरडे दिवस आणि एखादा झोडपणारा, अशा गोष्टीला घंटेचा आकार नसतो. मिळकतीचेही तसेच. याचा अर्थ वक्र टाकून द्यावा असा नाही. चिठ्ठी टाकून घेतलेला नमुना पुरेसा मोठा असेल, तर त्याच्या सरासरीचे वितरण बहुतेक वेळा या वक्राच्या जवळ जाते, मुळातल्या वस्तू कशाही असोत. त्याचे खरे बळ तिथे आहे.

काही प्राध्यापक मित्र म्हणतील, अभ्यासक्रम मोठा, तासिका थोड्या. बाग दाखवायला वेळ कुठला? पण आता क्षेत्रफळ मोबाइलही क्षणात काढून देतो. जे यंत्र करते त्यासाठी विद्यार्थ्याची तीन वर्षे का घालवावीत? माझी सूचना साधी आहे. वक्र काढून भाग रंगवण्याला स्वतंत्र गुण असावेत. प्रश्नपत्रिकेत एक तरी प्रश्न असा असावा की ज्याचे बरोबर उत्तर 'येथे हे कोष्टक वापरू नये' असे असेल. आणि प्रात्यक्षिकाची आकडेवारी विद्यार्थ्याने बाजारातून, शेतातून, स्वतः तोलून आणावी.

आपल्या या अंकात मराठी विभाग वेगळा आणि कन्नड विभाग वेगळा. पण कोष्टक दोघांचेही एकच आहे, आणि फसवणारे मोहही तेच. अर्ध्यातून वजा करायचे की मिळवायचे, हे एका आकृतीने समजते. बाग मात्र पायांनीच हिंडावी लागते, मुरमाड भागापर्यंत.