तुमची जन्मतारीख एक दिवस मागे का जाते?

भारतातल्या एखाद्या वेबसाइटवर तुम्ही जन्मतारीख १५ ऑगस्ट १९८८ भरलीत आणि पुढच्या पानावर १४ ऑगस्ट दिसली, असं कधी झालंय? आपलंच बोट चुकलं असेल म्हणून आपण पुन्हा भरतो. पुन्हा १४च! चूक तुमच्या बोटाची नाही, तारीख ज्या ऑब्जेक्टमध्ये ठेवली त्याची आहे.

नाव, पत्ता, जन्मतारीख एकत्र बांधून ब्राउझरपासून सर्व्हरपर्यंत नेणाऱ्या ऑब्जेक्टला बरेच प्रोग्रॅमर नुसता डबा समजतात. माहिती घाला, न्या, काढा. मला हे पटत नाही. आत ठेवलेल्या माहितीचा अर्थ काय, हे तो डबाच ठरवत असतो.

जावास्क्रिप्टमधला 'डेट' हा ऑब्जेक्ट घ्या. नाव तारखेचं, पण पोटात एकच आकडा: १ जानेवारी १९७० च्या युटीसी मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले. म्हणजे तो तारीख नव्हे, क्षण साठवतो. त्याला '१९८८-०८-१५' एवढंच दिलं, तर तो त्या दिवसाची युटीसी मध्यरात्र धरतो. त्या क्षणी मुंबईत पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, तारीख १५. न्यूयॉर्कमध्ये मात्र आदल्या रात्रीचे आठ, तारीख १४. म्हणून पुण्यात चाचणी घेणाऱ्याला सगळं ठीक दिसतं आणि न्यू जर्सीत बसलेल्या तुम्हाला दिसत नाही.

उलटही घडतं. पुण्यातल्या ब्राउझरने तिथली मध्यरात्र धरून ऑब्जेक्ट बनवला आणि जेसनमध्ये बदलून पाठवला, तर आत लिहिलेलं असतं '१४ ऑगस्ट, १८:३०'. सर्व्हरने त्यातली नुसती तारीख उचलली, की झालं!

जन्मतारीख हा क्षण नाही, ती कॅलेंडरवरची खूण आहे. माणूस मुंबईहून डॅलसला गेला म्हणून ती बदलत नाही. विमान सुटण्याची वेळ हा मात्र क्षण आहे. जावाने २०१४ साली, आठव्या आवृत्तीत, हा फरक नीट मांडला. क्षणासाठी 'इन्स्टंट' आणि तारखेसाठी 'लोकलडेट'. दुसऱ्यात फक्त वर्ष, महिना, दिवस; टाइमझोन नाहीच, आणि एकदा बनल्यावर आतलं काही बदलता येत नाही.

"एवढ्याशा तारखेसाठी वेगळा क्लास कशाला?" असं कोणी म्हणेल. पण पासपोर्टवर १५ आणि अर्जात १४ असेल, तर अर्ज अडकतो. नवजात बाळांचं वय दिवसांत मोजणाऱ्या संशोधनात एका दिवसाने निष्कर्ष बिघडू शकतो. त्यापुढे क्लासच्या चार ओळी काहीच नाहीत.

तेव्हा फॉर्म भरलात, की पोचपावतीवरची तारीख वाचा. आणि तुम्ही स्वतः कोड लिहीत असाल, तर क्लास निवडण्याआधी एकच प्रश्न विचारा: ही तारीख आहे की क्षण? मग संगणकाचा टाइमझोन एकदा मुंबईचा आणि एकदा लॉस एंजेलिसचा करून चाचणी घ्या.